एक प्लग सोडून

आमच्याकडे पाऊस डोंगरावरून उतरतो. मुलुंडला पश्चिमेच्या बाजूला जे राहतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहिलं की समोर जंगलाचा डोंगर, मधे टॉवर उठलेत तेवढी जागा सोडून. जून-जुलैच्या पावसाला मी घाबरत नाही. तो येतो, गटारं भरतो, कपडे वाळू देत नाही, पण त्याच्या पोटात काही नसतं. मला भीती परत जाणाऱ्या पावसाची. नवरात्र उलटलं की ऊन असं तापतं की दोरीवरचा टॉवेल पापडासारखा कडक होतो, आणि मग दुपार उतरता उतरता डोंगराचा हिरवा काळपट होत जातो. वारा थांबतो. समोरच्या टॉवरच्या कठड्यावर पारवे गप्प बसून राहतात. आणि वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी कपाट ओढावं तसा आवाज येतो.

आमच्या वर कुणी राहत नाही. आमचा मजला शेवटचा.

तो आवाज आला की मी उठते आणि प्लग काढायला लागते. हे काम घरात माझंच, लग्न होऊन या घरात आल्यापासून. तेव्हा एक टीव्ही नि एक मिक्सर होता, आता प्रत्येक भिंतीला काही ना काही लटकलेलं. आधी टीव्ही, मग त्याच्याखालचा डबा, मग इंटरनेटचा डबा, फ्रीज, पाण्याचा फिल्टर, मोबाईलची शेपटं. नुसतं बटण बंद करून भागत नाही हे मी शेजारणींना सांगून सांगून थकले. बटणाच्या आत दोन तारांमधे नखाएवढं अंतर. जी आभाळातून जमिनीपर्यंत येते तिला नखाएवढं अंतर म्हणजे काय हो? प्लग हातात आला पाहिजे.

माझे मालक मला ‘लाइनमन’ म्हणायचे. मी खुर्चीवर चढले की, उठली आमची लाइनमन, आता चहा मिळायचा नाही, असं पेपराआडून ऐकू यायचं. सून घाटकोपरची, तिचं ऑफिस आमच्या हॉलमधेच चालतं. कानावर ते हेडफोन लावून ती कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांशी बोलत असते आणि मी मधेच जाऊन तिचा इंटरनेट काढणार. “आई, मीटिंग चालू आहे ना, पाच मिनिटं थांबा ना यार,” म्हणायची. सासूला यार म्हणते म्हणून पहिल्यांदा मला कसंतरीच झालं होतं. आता नाही म्हणाली तर चुकल्यासारखं वाटतं.

प्लग झाले की माझं शेवटचं काम कोयत्याचं. माझं माहेर मालवणकडचं. तिथे आभाळ गुरगुरायला लागलं की माझे वडील नारळ सोलायचा कोयता उचलून अंगणात टाकायचे. वीज लोखंडावर जाऊ दे, घरावर नको, एवढाच त्यातला अर्थ. एकदा आमच्या विहिरीजवळच्या माडावर पडली होती. माड उभाच राहिला, पण शेंडा मशालीसारखा जळत होता, पाऊस पडत असतानाही, आणि आम्ही भावंडं ओटीवरून बघत होतो. अंगणातला कोयता जिथल्या तिथे. वडील म्हणाले, बघा, घरावर आली नाही ना. त्यांच्याशी वाद कोण घालणार.

इथे अंगण नाही, गॅलरी आहे, तिला बाहेर काढलेली लोखंडी ग्रिल. मी आपला कोयता न् विळी उचलून गॅलरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवते. सून हसायची. म्हणायची, “आई, चौथ्या मजल्यावर लोखंड बाहेर ठेवून तुम्ही विजेला आपला पत्ता देताय.” मी म्हणायचे, देते, तुझं काय जातंय. आणि ठेवायचे.

तिचं हसू बंद झालं ते आमच्या गच्चीवरच्या टाकीवर वीज पडली तेव्हा. तो आवाज नव्हताच. घर पांढरं झालं, एवढंच मला आठवतं, आणि नंतर बराच वेळ कानात भांडं वाजल्यासारखं. सोसायटीतल्या लिफ्टचा बोर्ड गेला, इंटरकॉम गेला, सेक्रेटरींचा नवा टीव्ही गेला. आमचा टीव्ही राहिला, फ्रीज राहिला, कारण प्लग मी काढलेले. पण इंटरनेटचा डबा जळला. त्याचा प्लग मी काढून खाली ठेवला होता, तरी जळला. भिंतीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग. मग डोक्यात प्रकाश पडला की ती विजेच्या तारेनंच येते असं नाही. इंटरनेटची वायर गच्चीवरून येते, या बिल्डिंगवरून त्या बिल्डिंगवर, झाडांना, पाइपांना बांधत बांधत. टीव्हीची छत्री गच्चीत, तिची वायर थेट टीव्हीच्या पाठीत. आम्ही दार लावून बसलो आणि खिडकी उघडी.

तेव्हापासून कामाची वाटणी झाली. प्लग माझे, वायरी सुनेच्या. गुरगुर झाली की ती स्वतःच मीटिंगमधल्यांना सांगायची की आमच्याकडे वीज पडतेय, मी जाते, आणि डब्यामागची वायर उपसून, टीव्हीच्या पाठीतला स्क्रू फिरवून वायरी गुंडाळून खिडकीबाहेर सोडायची. आमची जोडी चांगली जमली होती. कोयता मात्र माझ्याकडेच राहिला, त्याला तिनं कधी हात लावला नाही.

मग यांचं आजारपण आलं. तरुणपणी गिरणीत, कापसाच्या धुळीत काढलेली वर्षं छातीत कुठेतरी बसून राहिलेली असणार, ती म्हातारपणी वर आली. हॉस्पिटलातून घरी आले ते एका मशीनबरोबर. ऑक्सिजनचं मशीन. छोट्या कपाटाएवढं, खाली चाकं, आणि आवाज असा की कुणी मोठं जनावर कोपऱ्यात झोपलंय. घुर्र करायचं, मग फुस्स. त्यातून हिरवट नळी निघून यांच्या नाकाशी. ही नळी निघाली की थोड्याच वेळात ओठ जांभळे व्हायला लागायचे आणि बोटांच्या टोकांशी नखं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मशीन बंद ठेवून चालणार नाही, जेवतानाही नाही, झोपेतही नाही.

म्हणजे घरात असा एक प्लग आला जो मला काढता येत नव्हता.

हे माझ्या लक्षात आलं ते श्रावणातच, पण मनाला लागलं भाद्रपद संपताना, ऊन कडक व्हायला लागलं तेव्हा. मी कपडे वाळत घालताना डोंगराकडे बघायचे आणि माझ्या पाठीमागे ते घुर्र, फुस्स. प्लग तसाच ठेवला आणि वीज आली तर मशीन जळणार. काढला तर यांचं काय? मशीनबरोबर एक छोटा सिलिंडर दिलेला होता, लाइट गेली तर म्हणून. मुंबईत लाइट जाते कुठे, म्हणून तो दाराआड उभाच होता. इन्व्हर्टरचंही विचारलं, पण हे मशीन ओढतं फार, घरातला लहान इन्व्हर्टर त्याला पुरणार नाही म्हणाले. तेव्हा सिलिंडरच. त्याच्या डोक्यावर एक चपटी लोखंडी चावी ठेवलेली. ती चावी घालून फिरवली की फस्स आवाज येतो, मग यांची नळी मशीनवरून काढून त्याला लावायची. आणून देणाऱ्या माणसानं दोनदा बजावलं होतं, चावी सिलिंडरवरून हलवायची नाही.

मुलानं इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो नेहमीचाच, गप्पिष्ट, चहा घेतल्याशिवाय न जाणारा. आधी म्हणाला, काही घाबरायचं नाही, बोर्डात एक सर्ज प्रोटेक्टर बसवतो, जास्तीची वीज आली तर तो जमिनीत सोडतो, बिनधास्त राहा. बसवला. जाता जाता त्यानं तपासणीच्या दिव्याची एक तार मशीनच्या सॉकेटच्या वीज येते त्या भोकात नि दुसरी तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकात घातली आणि गप्प झाला. मग घरातली सगळी सॉकेटं तपासली. अर्थिंग असेल तर दिवा लागतो, तो कुठेच लागला नाही. मग सुनेला घेऊन गच्चीवर गेला, तिथून खाली कंपाउंडमधे. सून वर आली ती कपाळाला आठ्या घालून.

झालं होतं असं. आमच्या गच्चीवर तो विजेचा त्रिशूळ आहे, त्यातून एक पट्टी भिंतीवरून खाली उतरते आणि जमिनीत खड्ड्यात जाते. खड्ड्यात मीठ, कोळसा, तांब्याचा पत्रा. बिल्डिंगच्या सगळ्या घरांचं अर्थिंगही तिथेच. मधे कधीतरी सोसायटीनं कंपाउंडात पेवर ब्लॉक बसवले, गाड्या नीट लागाव्यात म्हणून. त्या खड्ड्याचं झाकण नेमकं एका गाडीच्या चाकाखाली यायचं. तेव्हा कुणीतरी झाकण काढलं, खड्डा बुजवला, वर ब्लॉक बसवले. भिंतीवरची पट्टी माणसाच्या उंचीवर कापलेली, खाली काही नाही. ते ब्लॉक बसले तेव्हा आम्ही सगळ्यांनीच कौतुक केलं होतं. मी स्वतः त्यावर दिवाळीत रांगोळी काढली आहे.

इलेक्ट्रिशियननं मला माझ्या भाषेत समजावलं. म्हणाला, काकी, मी मोरी बांधून दिली, पण खाली पाइपच नाही. पाणी आलं तर जाईल कुठे? वीज कडाडायला लागली तर मशीनचा प्लग काढाच, काकांना सिलिंडरवर घ्या.

सेक्रेटरी वाईट माणूस नाही. यांच्याकडे पत्ते खेळायला यायचा, आजारपणात रोज चौकशी. मी गेले तर लगेच उठून उभा राहिला. म्हणाला, काकू, खणायला हवंच, पण गाड्या हलवायच्या तर सगळ्यांना विचारावं लागेल, दिवाळी होऊ दे, लगेच घेतो. मी म्हटलं, बाबा रे, वीज दिवाळीनंतर नाही येत, आधी येते. तो हसला. मीही हसले. जिना चढताना मात्र कठडा धरून थांबले जरा.

मग आम्ही तालीम केली. आधी सिलिंडर उघडायचा, नळी बदलायची, मग मशीनचा प्लग, मग बाकीचं घर. सून म्हणाली तसं आम्ही तीनदा-चारदा करून बघितलं. हे पलंगावर बसून आमची धावपळ बघायचे आणि थोड्या थोड्या श्वासात टोमणे मारायचे, मला या गाडीतून त्या गाडीत बदलताय, तिकीट आहे ना म्हणून विचारायचे. दोनेक संध्याकाळी तशा गडगडाटाच्या गेल्या आणि सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मला वाटायला लागलं होतं की हा पाऊसही पार होईल.

त्या दिवशी वारा सकाळपासून पडला होता. मुलगा अंधेरीला ऑफिसात. सून हॉलमधे कॉलवर. मी मेथी निवडत बसले होते आणि डोंगराकडे माझी पाठ होती, हे नेमकं. नेहमीची दूरची गुरगुर झालीच नाही. एकदम डोक्यावर फुटलं. काचा थरथरल्या, ताटलीतली मेथी हलली.

मी धावले ती थेट मशीनपाशी. ठरलेला क्रम डोक्यातून गेला. आधी प्लगच उपसला, कारण हात तिथेच सवयीनं जातो. मशीननं लांबलचक टीं सुरू केलं. सून हॉलमधे वायरी उपसत होती. पाय तसेच पुढच्या प्लगकडे वळले, सिलिंडर राहूनच गेला. मी ओरडले, फ्रीज बघते गो मी, तेवढं लोखंड बाहेर ठेव. आयुष्यात पहिल्यांदा मी ते काम तिला सांगितलं.

आणि तिनं ते मनापासून केलं हो. जी हसायची तीच. तिनं कोयता उचलला, विळी उचलली, हातोडी, पक्कड, ओट्याखालचा तवा, नजरेला जे लोखंड दिसलं ते. माझ्याकडून शंभरदा ऐकलेलं होतं की माझे वडील घरातलं लोखंड राहू द्यायचे नाहीत. यांच्या खोलीतून जाताना सिलिंडरच्या डोक्यावरची चावीही तिनं उचलली. लोखंडच होतं ते. गॅलरीत ती वाकली, पुन्हा लख्ख झालं, तिचा हात दचकला. खाली कुठेतरी, खोल, टण्ण असा आवाज झाला. मी तो फ्रीजमागून ऐकला. ओळखला नाही.

खोलीत आले, सिलिंडरला हात घातला. डोकं मोकळं. इकडे तिकडे चाचपलं, खाली वाकून बघितलं. हे माझ्याकडे बघत होते, तोंड थोडं उघडं.

“चावी?” मी विचारलं.

सून दारात उभी होती. तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग गॅलरीकडे. गॅलरीतून पक्कड आणली आणि सिलिंडरच्या त्या चौकोनी टोकाला लावून पिळायला लागली. पक्कड घसरायची, धातू खरवडायची, टोक हलायचं नाही. मीही जोर लावला. दोघींचे हात एकमेकींवर. काही नाही. मग तिनं पक्कड टाकली आणि दार उघडं टाकून जिन्यानं खाली पळाली.

मी प्लग हातात घेतला. त्या सॉकेटची तिन्ही भोकं माझ्याकडे बघताहेत असं वाटलं, खरंच. तिसरं नुसतं नावाला. बाहेर पुन्हा गडगडलं. यांच्या ओठांचा रंग बदलायला लागला होता. मी प्लग घुसवला, मशीन घुरघुरलं, नळीतून फुस्स आलं. यांनी दोन-तीन श्वास ओढले आणि मला वाटलं आता बरं वाटेल, तर यांनी माझं मनगट धरलं आणि दाराकडे बोट केलं. आम्ही घरी मराठीतच बोलतो, गावची भाषा सुट्टीपुरती. पण तेव्हा यांच्या तोंडून तीच आली.

“तिका वर बोलव. माका सोड, तिका बोलव.”

मी गॅलरीत गेले. कोयता, विळी, तवा सगळं माझ्या पायाशी, समोर लोखंडी ग्रिल, आणि मी ती दोन्ही हातांनी धरलेली. पाऊस अजून पडत नव्हता. कोरडं आभाळ फुटत होतं. खाली कंपाउंडात एक माणूस नव्हतं, वॉचमनही केबिनमधे गेलेला. आणि माझी सून गाड्यांच्या मधे हाता-गुडघ्यांवर, मोबाईलचा उजेड ब्लॉकवर फिरवत. चावी घरंगळत भिंतीच्या कडेला गेली असणार, कारण ती तिकडेच सरकत होती. त्या भिंतीवर वरपासून उतरलेली पट्टी, आणि तिचं कापलेलं टोक बरोबर तिच्या डोक्यावर.

मी हाक मारली. तिनं वर बघितलं नाही. पुन्हा मारली, ती गडगडाटात विरली. त्रिशूळावर येऊ देऊ नको, एवढंच मी म्हणत होते. वडिलांनी शिकवलेलं सगळं उलटं. लोखंडावर नको, पट्टीवर नको, घरावर आली तरी चालेल.

मग पांढरं झालं.

समोरच्या टॉवरवर पडली होती, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं कळलं की मुलुंडचे सगळे दिवे एकदम गेले आणि माझ्या मागे मशीन थांबलं. त्याचं ते टीं सुद्धा नाही. मी खाली बघितलं, मोबाईलचा उजेड कुठेच दिसत नव्हता. आणि तेव्हाच पाऊस कोसळला.

मी आत आले. संध्याकाळच होती, पण घरात हात दिसत नव्हता. यांच्या पलंगाशी बसले, छातीवर हात ठेवला. छाती वर जायची, खाली यायची, पण काही आत जातंय असं वाटेना. कापड फाडल्यासारखा आवाज. मी यांना काहीतरी बोलत राहिले. काय बोलले ते मला आजही आठवत नाही, हेही कधी सांगत नाहीत. कान जिन्याकडे. चार मजल्यांचा जिना, लिफ्ट बंद.

पायांचा आवाज आला. आधी एक मजला, मग थांबला, मग पुन्हा. ती दारातून आत आली ती भिंतीला धरत. ओली चिंब, हात मुठीत आवळलेला. मूठ उघडली नाही, तशीच सिलिंडरपाशी बसली, चाचपत चावी घातली आणि फिरवली. फस्स. इतका साधा आवाज. मी नळी लावली. आम्ही तिघंही काळोखात त्या आवाजाकडे कान लावून बसलो.

बऱ्याच वेळानं यांनी बोट हलवून तिला जवळ बोलावलं. “टाकायचा कोयता असतो गं,” म्हणाले, “चावी नाही.”

तेव्हा ती रडली. रडता रडता हसली आणि पुन्हा रडली. तिचे गुडघे फुटलेले मला दिवे आल्यावर दिसले.

दिवे आले तरी मशीन सुरू झालं नाही. सॉकेटमधून जळका वास येत होता आणि मशीनवर एक लाल ठिपका लागून राहिला, बस. सिलिंडरचा काटा खाली येत होता. मुलगा रस्त्यात अडकलेला, फोनवर फोन. शेवटी सेक्रेटरी कुठूनतरी दुसरा सिलिंडर घेऊन आला, खांद्यावर, लिफ्ट बंद म्हणून जिन्यानं. घामानं निथळत होता. सुनेच्या गुडघ्यांकडे बघितलं, चावी कुठे पडली होती ते विचारलं. तिनं सांगितलं, पट्टीखाली. तो तसाच वळला. पाणीसुद्धा न पिता खाली गेला.

सकाळी कंपाउंड रिकामं होतं. सगळ्या गाड्या रस्त्यावर. पेवर ब्लॉक उचलायला सुरुवात झालेली. आतून विटांचे तुकडे निघाले, तांब्याच्या पत्र्याच्या जागी हिरवी माती. नवा खड्डा केला, पट्टी जोडली, मीठ-कोळसा भरला. इलेक्ट्रिशियननं वर येऊन सॉकेटच्या तिसऱ्या भोकात दिवा घातला, तर लागला. मशीन कंपनीनं बदलून दिलं. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण जाताना तो म्हणाला की काकी, खड्डा ओला राहिला पाहिजे, कोरडा पडला की पुन्हा तेच, आणि एवढं सगळं केलं तरी अगदी डोक्यावर पडली तर कुणी शब्द देऊ शकत नाही. प्लग काढायचाच.

आता पुन्हा ऊन कडक झालंय. मी रोज सकाळी बादली घेऊन खाली जाते आणि त्या खड्ड्यात पाणी ओतते. वॉचमन आधी हसायचा, आता झाकण उचलून देतो. बायका तुळशीला घालतात, मी तिथे. माती पाणी पिते त्याचा आवाज ऐकत जरा उभी राहते.

चावी आता माझ्या जुन्या परकराच्या नाडीनं सिलिंडरच्या मानेला बांधलेली आहे. नाडी अशी गाठवलीय की कापल्याशिवाय सुटायची नाही. कोयता सून नेते. दोन्ही हातांनी धरून नेते, गॅलरीत वाकून ठेवते, उगाच काही बोलत नाही. विजेला पत्ता देण्याचं तर नाहीच.

यांचं बळ मात्र या वर्षी कमी झालंय. मागच्या वर्षी नळी बदलताना जेवढा वेळ मिळायचा तेवढा आता मिळत नाही. मशीनवरून काढून सिलिंडरला लावेपर्यंत ओठ काळे होतात. आम्ही हात चटचट चालवतो, पण आमचेही हात तेच, म्हातारे होणारे.

आज दुपारपासून वारा नाही. मी हे लिहायला बसले तेव्हा डोंगर हिरवा होता, आता नीट दिसत नाही. टॉवरवरचे पारवे बसलेत. सुनेनं कॉल संपवला, मला ऐकू आलं, ती सांगत होती की आमच्याकडे वीज पडते, मी जाते. मला अजून काही ऐकू आलेलं नाही. पण यांना माझ्याआधी ऐकू येतं हल्ली. आतल्या खोलीतून पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजवण्याचा आवाज आला. बोलवायचं असलं की तसं वाजवतात.

उठते. आधी सिलिंडर.